शिवारातले वन्यजीव आणि गावाचा वाटा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले वन्यप्राणी अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. कोयना आणि चांदोलीच्या जंगलातले गवे आणि रानडुकरे रात्री पाटण, जावळी, शिराळ्याच्या शेतांत उतरतात आणि उजाडायच्या आत माघारी जातात. कऱ्हाड, वाळवा, शिराळ्याच्या उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. पलूस आणि मिरज तालुक्यांत कृष्णेच्या डोहांत मगरी आहेत. पूर्वेला माण, खटाव आणि जतच्या माळावर लांडगा मेंढ्यांच्या कळपामागे फिरतो. पश्चिमेकडे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस आणि पूर्वेकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे, एवढा फरक थोडक्या अंतरात सामावल्यामुळे प्राण्यांच्या इतक्या तऱ्हा इथे एकमेकांजवळ नांदतात. यांतल्या कितीतरी जागा वनखात्याच्या नाहीतच. त्या शेतकऱ्याच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या आहेत. गावाला सोबत घेतल्याशिवाय इथे वन्यजीव टिकणार नाहीत, हे आता सरकारी कागदांपासून सगळ्यांनाच मान्य आहे. वाद आहे तो अटींचा: खर्च कोणाच्या माथी, उत्पन्न कोणाच्या हाती आणि निर्णय कोणाचा.

रान राखणे सह्याद्रीतल्या गावांना नवे नाही. साताऱ्याच्या डोंगरी पट्ट्यात देवाच्या नावाने सोडलेल्या देवराया आजही आहेत. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, फार तर देवळाच्या कामाला वापरायचे, असा दंडक. मात्र या परंपरेचे कौतुक करताना दुसरी बाजू झाकू नये. त्याच गावांत वाघर लावून डुकरे धरली जात, हाकारे घालून सांबर मारले जाई, आणि संस्थानिकांच्या लेखी शिकार हा प्रतिष्ठेचा भाग होता. देवराई टिकली यामागे देवाचा धाक होता, तसेच एक साधे कारणही होते. नियम गावाने केलेला होता, तो मोडणारा कोण हे गावाला ठाऊक असे आणि निवाडाही गावातच होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, ते आवश्यकच होते. पण त्याबरोबर राखणीचा सगळा अधिकार सरकारकडे गेला. पिकाचे नुकसान मात्र शेतकऱ्याकडेच राहिले.

१९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही क्षेत्रे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. त्यातले सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, बाकीचे बफर. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार ठिकाणांत कास, कोयना आणि चांदोली होती, चौथे राधानगरी.

या नोंदींमागे गावे उठल्याचा इतिहास आहे. कोयना आणि वारणा नद्यांवरच्या धरणांनी आधी काठची गावे उठवली. वर जंगलात जी उरली, त्यांच्यावर नंतर अभयारण्य आले. ‘धरणग्रस्त’ हा शब्द महाराष्ट्राला परिचित होताच, इथे त्याच्या शेजारी ‘अभयारण्यग्रस्त’ येऊन बसला. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाने या लोकांच्या जमिनी, पाणी आणि नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, ठिय्या दिला. पाटण तालुक्यातल्या मळे, कोळणे, पाथरपुंज या गावांचे पुनर्वसन तर इतके रेंगाळले, की धड जंगलात राहता येत नाही आणि धड बाहेर पडता येत नाही अशी तिथल्या माणसांची अवस्था झाली. रस्ता नाही, कारण गाव उठायचे आहे. आणि गाव उठत नाही, कारण जमीन मिळायची आहे.

उठलेल्या गावांच्या जागी काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. चांदोलीत जुन्या भातखाचरांची कुरणे झाली आहेत. घरांची जोती, देवळांचे चौथरे, आंबा-फणसाची लावलेली झाडे यांवरून वस्तीची जागा ओळखू येते. या मोकळ्या कुरणांवर गवे आणि सांबर चरायला येतात, कारण दाट सदाहरित रानात गवत कमी असते. पण शेती आणि चराई थांबल्यावर झुडपे वाढतात आणि कुरण आक्रसत जाते. ते खुले ठेवण्यासाठी वनखात्याला झुडपे काढावी लागतात, गवत राखावे लागते. जे काम गावाच्या गुरांनी आणि नांगराने फुकट होत होते, त्यासाठी आता अंदाजपत्रकात तरतूद लागते. म्हणून गावे तिथेच राहू द्यायला हवी होती, असा सरळ निष्कर्ष मात्र निघत नाही. वाघासारख्या प्राण्याला निर्धास्त जागा लागते, आणि दवाखाना, शाळा, रस्ता यांच्या ओढीने स्वतःहून बाहेर येऊ पाहणारी कुटुंबेही होतीच. माणूस आणि रान यांचे नाते निव्वळ शत्रुत्वाचे नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

धोरणातही हळूहळू बदल होत गेला. १९९० मध्ये केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा मार्ग खुला केला आणि पुढे महाराष्ट्रात गावोगाव संयुक्त वनव्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो वापरून दाखवला. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांना स्वयंपाकाचा गॅस, सौरकुंपण, विहिरींना कठडे, रोजगाराची साधने अशी मदत मिळू लागली. समित्यांची संख्या मोठी आहे. पण समिती असणे आणि समिती चालणे यांत अंतर असते. सचिव वनखात्याचा, निधी वनखात्याचा आणि बैठक वनरक्षकाच्या सोयीने, असे जिथे झाले तिथे गाव सह्यांपुरते उरले.

कासचे पठार याला बऱ्यापैकी अपवाद आहे, म्हणून ते तपशिलात पाहायला हवे. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, बाराशे मीटरच्या आसपास उंचीवर हा जांभ्याचा सडा आहे. खडकावर वीतभरही माती नाही. पावसाळ्यात साचणाऱ्या त्या पातळ चिखलात तेरडा, सीतेची आसवे, गेंद, चवर असे थर एकामागून एक फुलतात आणि टोपली कारवी सात वर्षांतून एकदा. छायाचित्रे पसरली तशी गर्दी वाढली. गाड्या थेट सड्यावर चढू लागल्या, फुलांत लोळून फोटो काढण्याची टूम निघाली. तेव्हा वनखात्याने कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या समित्यांकडे हंगामाची व्यवस्था सोपवली. प्रवेशशुल्क सुरू झाले, गाड्या लांब थांबवून पुढे बसने आणण्याची सोय झाली, दिवसाला सुमारे तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. सड्यावर शिट्टी घेऊन उभी असणारी, पायवाट सोडणाऱ्याला हाकणारी मुले-मुली याच गावांतली. शुल्कातून त्यांचे पगार निघतात, स्वच्छता होते. पर्यटकाने कातळावरून दोन पावले आत टाकली की शिट्टी वाजते. शहरातल्या माणसाला ती अरेरावी वाटते, पण पठार टिकले आहे त्यात या शिट्टीचा वाटा मोठा आहे.

कासने एक धडा उलट्या बाजूनेही दिला. पठार वाचवायचे म्हणून त्याला तारेच्या जाळीचे कुंपण घालण्यात आले. गावची गुरे आत जाणे बंद झाले, रानातल्या प्राण्यांची ये-जा अडली. काही वर्षांत स्थानिक लोक आणि वनस्पतींचे अभ्यासक दोघेही म्हणू लागले, की गवत माजले आणि फुले मागे पडली. गुरांच्या चरण्याने गवत आटोक्यात राहते आणि त्यांच्या खुरांनी व शेणानेही बियांना जागा मिळते, हे गुराख्यांचे म्हणणे सुरुवातीला कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. अखेर २०२२ मध्ये जाळी काढण्यात आली. फुलांच्या बहरात पावसाच्या लहरीचाही हात असतो, तेव्हा सगळा दोष कुंपणावर टाकणे बरोबर नाही. पण पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्यांना कुंपण घालण्यापूर्वीच विचारले असते, तर बराच खर्च वाचला असता.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची कथा वेगळ्याच टोकापासून सुरू होते. तिथे राखायला जंगलच नव्हते. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचे हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी परिसरातल्या लोकांना हाताशी धरून झाडे लावली, जगवली, आणि वनखात्याला त्यात ओढून आणले. १९८५ मध्ये या सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या मानवनिर्मित वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जवळच्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव त्याला आहे. चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले गेले. भोवती कुंपण होते, आत पाणी-चारा होता, त्यांना खाणारा मोठा प्राणी नव्हता. हरणे वाढत गेली.

आणि मग ती कुंपणाबाहेर पडू लागली. बाहेर ऊस, द्राक्षे, भाजीपाला. ज्या गावांनी हे रान उभे राहताना पाहिले, अभिमानाने पाहुण्यांना दाखवले, त्यांच्याच शिवारात हरणांचे कळप रात्री चरू लागले. उंच कुंपण घाला आणि नुकसानभरपाई द्या, ही मागणी मग दरवर्षीची झाली. इथून पकडलेले चितळ चांदोलीत सोडण्याचा जो मार्ग अलीकडे काढला गेला, त्यात दोन गरजा एकत्र भागतात. सागरेश्वरवरचा भार हलका होतो, आणि चांदोलीत वाघासाठी भक्ष्य वाढते. पण मूळ मुद्दा तसाच राहतो. छोट्या, बंदिस्त वनात प्राणी सोडताना त्यांची संख्या पुढे कोण आणि कशी सांभाळणार, याचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता.

कृष्णाकाठच्या बिबट्याला मात्र कोणी आणून सोडलेले नाही. तो उसाबरोबर आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. पाणी, सावली, लपायला जागा, आणि वस्तीवरची कुत्री, शेरडे, डुकरे हे खाद्य, असे सगळे त्याला तिथे मिळते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांनी पाणी पूर्वेकडे नेले, ऊसही तिकडे सरकला, आणि बिबट्या पूर्वी कधी न दिसलेल्या गावांतून दिसू लागला. उसातच जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या बिबट्याला जंगल माहीतही नसते. ‘जंगलातला बिबट्या वाट चुकून गावात आला’ ही बातमी म्हणूनच बहुतेक वेळा चुकीची असते. तो घरीच असतो.

तोड सुरू झाली की गाठ पडते. फड कडेकडून कापत टोळी मध्यावर येते आणि पाचटात पिल्ले सापडतात. कधी दोन, कधी तीन, डोळेही न उघडलेली. पूर्वी अशी पिल्ले उचलून नेली जात, फोटो निघत, आणि त्यांची रवानगी कायमची पिंजऱ्यात होई. इकडे बिथरलेली मादी रात्रभर वस्त्यांभोवती घिरट्या घाली. आता कऱ्हाड, शिराळ्याच्या भागात वेगळी पद्धत रुळली आहे. तोड थांबते, वनरक्षकाला फोन जातो. पशुवैद्यक पिल्ले तपासतो. संध्याकाळी ती एका क्रेटमध्ये, सापडली त्याच जागी ठेवली जातात, आसपास कॅमेरे लावले जातात आणि माणसे लांब हटतात. रात्री मादी येते, क्रेट हुंगते, आणि एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. कधी एखादे मागे राहते, मग दुसऱ्या रात्री पुन्हा क्रेट.

या कामाचे श्रेय वनखात्याच्या पथकांना मिळते आणि ते रास्तच आहे. पण ते घडते शेतकऱ्याच्या आणि टोळीच्या होकारावर. एक-दोन दिवस तेवढा फड उभा ठेवायचा म्हणजे टोळी बसून राहते, मुकादम कुरकुरतो, कारखान्याची तोडीची पाळी हुकण्याची भीती असते. ही झळ कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. ती सोसायची तयारी माणसे दाखवतात, कारण पिल्ले गेलेली मादी जास्त धोकादायक असते हे त्यांना पटले आहे. ते पटवून देण्यात वनरक्षक, प्राणिमित्र आणि गावातले चार जाणते लोक यांची वर्षे गेली आहेत.

धोका खरा आहे, हे विसरून चालत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या येणके गावात ऊसतोड मजुराचे लहान मूल बिबट्याने ओढून नेले; ते वाचले नाही. ऊसतोड मजूर हे या सगळ्यातले सर्वांत उघड्यावर पडलेले लोक. पालात झोपतात, पहाटे अंधारात फडात उतरतात, मुले बांधावर असतात. ते त्या गावचे नसल्यामुळे कोणत्याही समितीत नसतात. गावसहभागाच्या चर्चेत हा वर्ग जवळजवळ दिसत नाही, आणि या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत ठळक उणीव आहे. पालांजवळ दिवे आणि फडावर मुलांसाठी सुरक्षित जागा ही सोय कारखाने, शेतकरी आणि पंचायतींनी मिळून हंगामाआधीच करण्याजोगी आहे.

हल्ला झाला की पहिली मागणी पिंजऱ्याची येते. ती समजण्यासारखी आहे. पण पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट वाढू शकतो, हे जुन्नर भागातल्या अनुभवावरून वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. बाहेरून आणून सोडलेला प्राणी अनोळखी मुलखात बिथरतो, परतीची वाट धरतो. आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवा बिबट्या येतो. गोठ्याला पक्के दार लावणे, शेरडे बंदिस्त ठेवणे, गावाबाहेर मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण न टाकणे, रात्री एकट्याने शेताला पाणी द्यायला न जाणे, हे उपाय साधे आहेत. इथे मात्र घोडे पेंड खाते, कारण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. दिवसा वीज देणे हा बिबट्यापासून बचावाचा उपाय ठरू शकतो, हे वन्यजीवांवरच्या आराखड्यात क्वचितच लिहिलेले असते.

मगरींच्या बाबतीत काठच्या गावांना असाच व्यवहार रोज करावा लागतो. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीकडे कृष्णेच्या संथ डोहांत मगरींची वीण होते. उन्हाळ्यात मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडतात. त्याच काठावर शेतकऱ्याच्या मोटारी आहेत. पाण्याची पातळी बदलली की फूटव्हॉल्व्हमधला गाळ काढायला, पाइप सरकवायला नदीत उतरावे लागते. धुणे, जनावरांना पाणी पाजणे, पोहणे हेही तिथेच. हल्ले होतात, माणसे दगावतात. मगर दिसणाऱ्या जागी फलक, घाटाला जाळी, ठरावीक जागीच पाण्यात उतरणे यांनी धोका कमी होतो. मगरी कुठे ऊन खात पडतात, कोणत्या डोहात मादी आहे, याची बिनचूक माहिती नावाडी आणि मासेमार सांगतात. या माहितीची नोंद ठेवून कोणत्या काठावर कधी उतरायचे नाही हे ठरवले, तर मगरी पकडून नेण्याचा आग्रहही कमी होईल.

शिराळ्यात तर प्राण्याविषयीची जवळीकच कायद्याच्या आड आली. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होती. सणाच्या आधी काही दिवस तरुणांची मंडळे शिवारात नाग शोधत, मडक्यांत ठेवत, मिरवत आणि सण झाल्यावर पुन्हा रानात सोडत. नागाला मारायचे नाही, हा संस्कार त्या गावात पक्का आहे. पण शेकडो नाग एकाच वेळी पकडणे, हाताळणे, गर्दीत नाचवणे यात त्यांचे हाल होतात, हेही खरे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नागांच्या मिरवणुका, खेळ, स्पर्धा यांवर बंदी आली. गावाने प्रतिमांची पूजा सुरू केली, पण खंत राहिली. २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक हेतूने, मर्यादित संख्येत नाग पकडण्याची परवानगी दिली. न्यायालयाची भूमिका योग्यच होती. मात्र बंदीनंतर लगेच या गावातल्या नाग ओळखणाऱ्या, पकडू जाणणाऱ्या मंडळांना सर्पदंशाविषयीच्या प्रबोधनाच्या आणि बचावाच्या कामात रीतसर घेतले असते, तर ते ज्ञान दहा वर्षे वाया गेले नसते.

नुकसान सोसणारी गावे आणि उत्पन्न मिळवणारी गावे वेगळी असतात, ही यातली सर्वांत अवघड गाठ. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क दिला. पर्यटन आणि नियंत्रित शिकारीचा पैसा थेट त्यांच्याकडे येऊ लागला. भारतात शिकारीचा मार्ग बंद आहे आणि तो बंदच राहावा, असे बहुतेकांचे मत आहे. मग उरते पर्यटन. ते कासला येते, कारण तिथे फुले आहेत. बामणोली-तापोळ्याला येते, कारण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी आहे. पाटणच्या एखाद्या वाडीत रात्री नाचणीत घुसणारी डुकरे पाहायला कोणी तिकीट काढत नाही. त्या वाडीसाठी भरपाई हाच वन्यजीवांकडून येणारा एकमेव पैसा.

महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये दिले जातात. २०२३ पासून हा आकडा लागू आहे. जनावरे आणि पिकांसाठीही दर ठरलेले आहेत. कागदावर ही व्यवस्था देशातल्या बऱ्याच राज्यांपेक्षा उदार आहे. अडचण पिकांच्या बाबतीत येते. गव्याने रात्रीत अर्धा एकर भात तुडवला तर अर्ज, पंचनामा, सातबारा, मंजुरी या वाटेने पैसा येईस्तोवर पुढचा हंगाम उजाडतो. सातबारा आजोबांच्या नावावर आणि कसणारा नातू असेल, तर तेवढ्यावरूनही काम अडते. म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. काहींनी शेतीच सोडली. डोंगरातली पड वाढत चालली आहे आणि त्या पडीवर माजलेल्या झुडपांत डुकरांनाच नवी जागा मिळते. काही जण चोरून विजेची तार सोडतात. त्यात प्राणी मरतात, कधी शेजारचा माणूसही. याऐवजी सौरकुंपणाचे ‘झटका मशीन’ सुरक्षित असते, पण एकट्याने लावून उपयोग नाही. प्राणी शेजारच्या रानातून येतो. सगळ्या शिवाराला मिळून एक कुंपण, त्याच्या देखभालीची पाळी आणि तारेवर वाढणारे गवत काढायची जबाबदारी, हे गावाने ठरवले तरच ते टिकते. पूर्वी माळ्यावर बसून रात्रीची राखण पाळीपाळीने होई, तसेच हे.

राखणीसारखीच, प्राणी वस्तीत शिरल्यावर जमणाऱ्या गर्दीलाही शिस्त लागते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा लोकांच्या पाठलागाने धावून धावून मेला. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगलीच्या मार्केट यार्डात गवा आला तेव्हा व्यवहार थांबवून माणसे दूर ठेवली गेली आणि गवा जिवंत पकडून जंगलात सोडता आला.

अभयारण्याबाहेरच्या रानासाठी कायद्यात २००३ पासून ‘संवर्धन राखीव’ हा मवाळ प्रकार आहे. त्यात लोकांचे हक्क शाबूत राहतात आणि व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. वाई-जावळीच्या डोंगरातले जोर-जांभळी आणि खटाव तालुक्यातला मायणीचा पाणपक्ष्यांचा परिसर अलीकडे असे राखीव झाले आहेत. समितीचे काम मात्र सल्ला देण्याचे; निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा. मायणी, येरळवाडीच्या तलावांवर पाणी सिंचनाला किती सोडायचे आणि रोहित पक्ष्यांना हवा तो उथळ पाणथळ पट्टा किती राखायचा, असा प्रश्न आला तर समितीचा सल्ला पाटबंधारे खात्यापर्यंत पोचतो का, यावर या प्रयोगाचे मोल ठरेल. पूर्वेकडच्या माळांवरचे मेंढपाळ मात्र यातही नाहीत. लांडगा दर मोसमात त्यांची मेंढरे नेतो, आणि फिरत्या कळपामागच्या धनगराला पंचनाम्यासाठी त्याच जागी थांबणे परवडत नाही.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ मात्र बरीच वर्षे जवळजवळ नावापुरता होता. २०१८ मध्ये एकाचे छायाचित्र मिळाले, डिसेंबर २०२३ नंतर नर वाघ कॅमेऱ्यांत टिपले जाऊ लागले. केंद्राने ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणण्यास परवानगी दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली. प्रकल्पाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल. बफरमधल्या गवळी-धनगरांच्या दृष्टीने आता म्हशी चरायला सोडताना बिबट्याबरोबर वाघाचाही विचार करायचा आहे. सफारीच्या गाड्या, वाटाडे, राहण्याची सोय यांतून रोजगार येईल, पण तो प्रवेशद्वारांजवळच्या गावांना आधी. म्हैस मात्र कुठल्याही वाडीची जाऊ शकते. वाघिणीच्या गळ्यातल्या कॉलरवरून ती कुठे आहे हे वनखात्याला कळते. ती कोणत्या डोंगराच्या अंगाला आहे, एवढे गुराख्यांच्या फोनवर त्याच दिवशी पोचवणे, आणि म्हैस मेली तर आठवड्याच्या आत पैसे हातात देणे, या दोन गोष्टी बफरच्या गावांतल्या बैठकांत आधी मागितल्या जातील.